अमात्य राक्षसाची निष्ठा

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकविले जाते. पण ज्याचे मीठ खाल्ले तो धनीच उरला नाही, तर ते ऋण कोणाकडे फेडावे? विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या सात अंकी संस्कृत नाटकाकडे आम्ही पुनःपुन्हा वळतो ते या प्रश्नासाठी.

या नाटकातील पाटलिपुत्र इतिहासाचे कमी आणि कवीचे अधिक आहे. नंदकुळाचा उच्छेद झाला आहे, चंद्रगुप्त सिंहासनावर आहे. परंतु नंदांचा अमात्य राक्षस हार मानावयास तयार नाही. मृत स्वामींकडून त्याला आता पद मिळणार नाही की द्रव्य. म्हणूनच चाणक्याला तो मारावयाचा नाही, चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा आहे. संपत्तीसाठी सेवा करणारे पुष्कळ. धनी बुडाल्यावरही त्याचाच राहणारा विरळा, हे त्या कुटिल मुत्सद्द्याने अचूक ओळखले आहे.

येथे आपले मन सहजच राक्षसाकडे झुकते. परंतु दुसऱ्या अंकात विराधगुप्त त्याला जी वार्ता सांगतो, ती लक्षपूर्वक ऐकली पाहिजे. चंद्रगुप्तासाठी योजलेल्या विषकन्येने पर्वतक मेला. वैद्य अभयदत्ताला आपणच कालविलेले विष प्यावे लागले. शयनगृहात दडलेले मारेकरी, भाताची शिते घेऊन फटीतून निघालेल्या मुंग्यांमुळे उघडकीस आले आणि आगीत मेले. राक्षस शोक करतो, पण थांबत नाही. निष्ठा मृतांवर आणि तिची किंमत मात्र जिवंतांनी मोजावयाची, हे न्याय्य होते काय?

चाणक्य त्याच्यापुढे राज्यहिताचा युक्तिवाद करीत बसत नाही. राक्षसाच्याच मुद्रेचे कपटपत्र रचून तो मलयकेतूच्या मनात विष कालवितो, आणि अखेर रत्नांचा व्यापारी चंदनदास याला सुळाकडे नेववितो. चंदनदासाचा अपराध एवढाच, की मित्राच्या बायकामुलांना आश्रय दिला आणि त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाही. राक्षस स्वतः होऊन पुढे येतो. मित्र वाचवावयाचा तर अमात्यपदाचे शस्त्र हाती घेतले पाहिजे, अशी अट पडते. तो ते घेतो.

सापळ्यात पकडून मिळविलेल्या होकाराला नैतिक मोल कसले, असे कोणी विचारील. चाणक्याच्या कपटाला आम्हीही पुण्य म्हणणार नाही. परंतु सापळ्यातही एक निवड राक्षसाचीच होती. आजवर त्याच्या निष्ठेपायी इतरांचे प्राण गेले; या वेळी त्याने आपला मान खर्ची घातला आणि दुसऱ्याचा प्राण राखला. इतकेच नव्हे, ज्या मलयकेतूने त्याला विश्वासघातकी ठरवून हाकलले, त्यालाही त्याने जीवदान मागितले. आमच्या मते ही फितुरी नव्हे. त्याच्या निष्ठेला प्रथमच जिवंत माणसाचा चेहरा दिसला.

हा प्रश्न आपल्या घराण्यांना परका नाही. १९४८ साली होळकर व शिंदे यांची संस्थाने मध्य भारतात गेली, १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात आले. येथे सूळ नव्हता आणि कपटपत्रही नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या दरबारची चाकरी केलेल्यांना धनी नाहीसा होणे म्हणजे काय, ते उमगले. जुन्या सनदा पेटीत जपाव्यात, त्यात गैर काहीच नाही. मात्र त्या सनदा ज्या चोख कामासाठी मिळाल्या, ते काम आज आपल्या गावाच्या वाट्याला येत नसेल, तर मिठाला जागलो असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

नाटकाच्या शेवटी भरतवाक्य येते, ते चाणक्याच्या नव्हे, राक्षसाच्या मुखी. ज्याचे राज्य उलथवण्यासाठी त्याने सर्वस्व पणाला लावले, त्याच राजाच्या हातून पृथ्वीचे रक्षण व्हावे, अशी प्रार्थना तो करतो. हरलेल्या अमात्याने मागे ठेवलेला वारसा तो हाच.