दया कोणी मागायची?

हिब्रू धर्मग्रंथातलं चव्वेचाळिसावं स्तोत्र हे उघड भांडण आहे. लढाई हरलेले लोक देवासमोर उभे राहतात आणि सांगतात की आम्ही तुला विसरलो नव्हतो, तुझा करार मोडला नव्हता, तरी तू आम्हांला शत्रूच्या तोंडी दिलंस. आता ऊठ, झोपलास कशाला? मराठी कानाला हे फारसं खटकत नाही. आपण तर देवाला आषाढीला निजवतो आणि कार्तिकीला उठवतो, आणि विठोबाला शिव्या घालणारी जनाबाई आपल्याच घरची. पण त्याच ग्रंथसंग्रहात दानीएलाच्या पुस्तकाचा नववा अध्यायही आहे, आणि तिथली प्रार्थना अगदी उलट टोकाची. दानीएल बाबिलोनात परागंदा आहे. देश बुडाला तो आधीच्या पिढ्यांच्या करणीने. तो स्वतः तर निष्कलंक म्हणूनच रंगवलेला. तरीही गोणपाट नेसून, राख घेऊन, उपाशी बसून तो 'आम्ही चुकलो' म्हणतो, 'ते चुकले' म्हणत नाही. आणि आमच्या पुण्याईच्या जोरावर नव्हे, केवळ तुझ्या दयेवर विसंबून मागतो आहे, असंही सांगतो.

दोन्ही याचना दयेच्याच, दोन्ही संकटातल्या. एकीत माणूस हक्काने जाब विचारतो, दुसरीत पदर पसरतो. भाविक दोन्ही म्हणत आले आहेत, आणि कोणती कधी म्हणायची हे ज्याच्या त्याच्या मनःस्थितीवर सोडून दिलेलं असतं. मला वाटतं ते तसं सोडून चालणार नाही. संकटात आपण कुठे उभे होतो, त्यावर ते ठरतं.

पोफळीचंच उदाहरण घ्या. चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी हे गाव. कोयना नदी स्वभावाने पूर्वेला जाणारी, कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी. पण धरणात अडवलेलं तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला वळवलं गेलं. चारशे मीटरांहून जास्त उंचीवरून ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि काम संपल्यावर वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राकडे निघून जातं. पुढे अलोऱ्याचं वीजगृह आलं, मग चौथा टप्पा आला, आणि सगळ्या प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉटवर गेली. महाराष्ट्राचे कारखाने ज्या विजेवर वाढले त्या विजेतला मोठा वाटा इथून गेला आहे.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे सव्वाचारच्या सुमाराला जमीन हलली. घाटाच्या पलीकडे कोयनानगर कोसळलं, सुमारे 180 माणसं गेली. मुंबई-पुण्यापर्यंत धक्का जाणवला. दख्खनचा हा कातळ तोवर स्थिर मानला जात होता. जलाशय भरायला लागून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, आणि पाणी साठत गेलं तसे बारीक धक्के सुरू झाले होते. धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणून आज भूवैज्ञानिक कोयनेकडे बोट दाखवतात. त्यांची मांडणी मात्र जपून केलेली असते. खडकात ताण आधीपासून होता. तो पाण्याने निर्माण केला नाही, त्याला फक्त मोकळं व्हायला वाट करून दिली.

म्हणजे हा शुद्ध दैवी कोपही नव्हे आणि शुद्ध मानवी गुन्हाही नव्हे. अशा अधल्यामधल्या गोष्टीसाठी प्रार्थनेत जागा असते का?

असते. लेवीय हे पुस्तक सहसा कोणी आवडीने वाचत नाही. बळी, रक्त आणि चरबी यांचे नियमच नियम. पण त्याच्या चौथ्या अध्यायात एक विलक्षण तरतूद आहे. सगळ्या समाजाच्या हातून अजाणता पाप घडलं, तेव्हा कोणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि पुढे ते कळून आलं, तर काय करायचं? तर समाजाच्या वडीलधाऱ्यांनी पुढे यायचं, गोऱ्ह्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि प्रायश्चित्त करायचं. यातला 'कळून आलं' हा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो. नकळत घडलं एवढ्याने सुटका होत नाही, आणि कळण्यापूर्वीचा दोषही कोणी माथी मारत नाही. जबाबदारी सुरू होते ती कळल्या दिवसापासून. कोयनेच्या बाबतीत ती 1967 नंतर सुरू झाली असं मी समजतो. आणि हात कोणी ठेवायचे, तर वडीलधाऱ्यांनी. ज्याचं घर पडलं त्याने नव्हे.

घर पडलेल्याच्या वाट्याला मात्र हटकून ईयोबाचे मित्र येतात. ईयोबाची मुलं मेली, अंगभर फोड उठले, तेव्हा हे भले लोक सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरं केलं. मग तोंडं उघडली आणि तुझ्याच हातून काही तरी घडलं असणार, कबूल कर, दया माग, हा धोशा लावला. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या मित्रांवर. भूकंप, पूर, साथ काहीही आलं की 'पाप फार वाढलं होतं' म्हणणारा आवाज प्रत्येक धर्मात आणि प्रत्येक गावात निघतोच. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोरून वारा गेला, भूकंप गेला, आग गेली. पण भूकंपात परमेश्वर नव्हता, असं ग्रंथ स्पष्ट सांगतो.

हा एलीया कोकणाला परका नाही. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाचा तो 'एलियाहू हनाबी'. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा, आणि नवस फेडताना मलिदा त्याच्याच नावाने. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे हे 'शनिवार तेली' कित्येक शतकं हिब्रू पोथ्यांवाचून राहिले. तरी विलापाचे आणि क्षमेचे दिवस त्यांनी सोडले नाहीत. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिन त्यांच्याकडे 'बिरड्याचा सण' झाला, कारण उपास वालाच्या बिरड्याने सुटायचा. प्रायश्चित्ताचा मोठा दिवस 'दारफाळणीचा सण' झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, तेव्हा कोकणातल्या बिरड्याला मंत्र परत मिळाले.

त्या प्रायश्चित्ताच्या दिवशी म्हणायची कबुली हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली आहे आणि ती सगळी अनेकवचनी आहे. ज्याने आयुष्यात कधी कोणाला लुबाडलं नाही तोही 'आम्ही लुबाडलं' म्हणतो. कोकणातल्या गाऱ्हाण्याशी याचं नातं मला जवळचं वाटतं. एकाने साऱ्या गावाच्या वतीने बोलायचं आणि बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणत त्यात आपापला वाटा उचलायचा. फरक एवढाच की आपल्या गाऱ्हाण्यात मागणी ठसठशीत असते आणि कबुली 'काही चुकलंमाकलं असेल तर' या ओळीत उरकलेली असते. देवापुढे इतकं मोघम बोलून चालतं असं आपण कधी ठरवलं, कोण जाणे.

मोघमपणाचा कळस याच चिपळूण तालुक्याने पाहिला. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. त्यावर राज्याच्या जलसंधारणमंत्र्यांनी कारण सांगितलं ते खेकड्यांचं: खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्र हसला, लोकांनी खेकडे घेऊन मोर्चे काढले, आणि मग हसण्यातच ते संपलं. लेवीयाच्या वडीलधाऱ्यांनी गोऱ्ह्याच्या डोक्यावर हात ठेवायचे ते दोष कबूल करण्यासाठी. इथे खेकड्याच्या पाठीवर हात ठेवले गेले ते नेमके त्यातून मोकळं होण्यासाठी. आणि तिवऱ्याच्या बाबतीत तर 'अजाणता' हा शब्दही वापरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की कोयनानगरच्या ढिगाऱ्यातून बाहेर निघालेल्या बाईला आणि तिवऱ्याच्या माणसाला चव्वेचाळिसावं स्तोत्र म्हणायचा पूर्ण हक्क आहे. त्यांनी देवाला झोपेतून उठवावं, जाब विचारावा. दानीएलाचा अध्याय बाकीच्यांचा, म्हणजे दिवा लावणाऱ्यांचा. आमच्या वीजबिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, कर असतो. पाणी कोणत्या डोंगरातून आलं आणि कोणाच्या घराखालची जमीन हलली, याची ओळ त्यात नसते. आपण विजेचे पैसे भरले म्हणजे हिशेब मिटला, हा समज सोयीचा आहे. धरण व्हायला हवं होतं की नको, हा वाद मी इथे करत नाही. मला विचाराल तर व्हायला हवं होतं. पण हवं होतं म्हणणाऱ्याला 'आम्ही' म्हणण्यातून सुटता येत नाही, उलट तोच त्यात आधी अडकतो.

मिश्ना या यहुदी ग्रंथात दुष्काळातल्या सार्वजनिक उपासाचा विधी दिला आहे. पवित्र पेटी चौकात आणायची, तिच्यावर राख टाकायची, मग गावातल्या म्हाताऱ्याने जमलेल्यांना समजवायचं. काय? तर वेळीच पस्तावल्यामुळे वाचलेल्या निनवे शहराबद्दल, देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिला असं लिहिलेलं नाही. त्यांनी काय केलं ते पाहिलं, असं लिहिलेलं आहे. पाऊस मागायला जमलेल्या लोकांना ऐन राखेत उभं राहून हे ऐकावं लागत असे.

कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली. त्यांच्यातल्या अनेकांना कबूल केलेली जमीन मिळाली नाही, म्हणून आजोबांनी सुरू केलेला अर्ज नातवंडांनी पुढे चालवला आणि त्यासाठी या शतकातही ठिय्ये धरावे लागले. धरण पूर्ण होऊन साठ वर्षं उलटली. दया मागायची तर आधी तो अर्ज निकाली काढायला हवा, आणि तो निकाली काढणं देवाच्या नाही, सरकारच्या आणि त्या सरकारला मत देणाऱ्या दिवेवाल्यांच्या हातात आहे.