धुऱ्यावरचा साक्षीदार

वऱ्हाडात शेताच्या हद्दीला धुरा म्हणतात. वाशीम जिल्ह्यातील रिसोड-मालेगावकडच्या खेड्यात धुऱ्याचे भांडण ठाऊक नसलेला माणूस विरळाच. हातभर जमिनीपायी भाऊ भावाला दुरावतो. अशा वेळी उभयतांना मान्य असा कोणी वडीलधारा मध्ये उभा राहतो. त्याच्या हाती ना काठी, ना निकाल देण्याचा अधिकार. तो पाहतो आणि पाहिले ते सांगतो. केवळ पाहणे हे नैतिक कृत्य ठरते काय? की ती अंग चोरण्याचीच एक सभ्य रीत?

हाच प्रश्न राष्ट्रांच्या धुऱ्यावर उभा राहिला, तेव्हा एका मराठी माणसाला त्याला सामोरे जावे लागले. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतण्यास नकार देणारे २२,००० हून अधिक युद्धकैदी भारताच्या स्वाधीन करण्यात आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. तटस्थाचे स्वागत हे असे!

सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआड अडकवून ठेवले. थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून घेऊन आले. पण पुढच्याच महिन्यात त्याच दलाला गोळीबार करावा लागला व काही कैदी दगावले. तटस्थाचे हात स्वच्छ राहतात, ही आपली भाबडी समजूत. कैद्यांना समजावून सांगण्यास ९० दिवसांची मुदत होती. बहुसंख्य कैदी त्या समजावणीस सामोरे गेलेच नाहीत, आणि थिमय्यांनी त्यांच्यावर बळजबरी करण्याचे नाकारले. उभय पक्षांनी भारताला दोष दिला. दोन्हीकडून बोल लागले म्हणून माणूस न्यायी ठरतो असे नव्हे. तो नुसता गोंधळलेलाही असू शकतो. येथे मात्र बांधिलकी स्पष्ट होती. ती कोणत्याही राष्ट्राशी नव्हती. कुंपणाआडच्या माणसाच्या इच्छेशी होती. अशा तटस्थतेला मी अंगचोरपणा म्हणणार नाही.

तरीही साक्षीला ऐकणारा लागतो. इथिओपिया व एरिट्रिया यांच्या सीमेवर २००० ते २००८ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती. तीत भारतीय जवानही होते. २५ किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यावर तिची नजर असे. २००२ मध्ये सीमा आयोगाने बादमे गाव एरिट्रियाच्या हद्दीत धरले. इथिओपियाने ते सोडले नाही. चिडलेल्या एरिट्रियाने आधी शांतिसेनेची हेलिकॉप्टरे रोखली, मग इंधन. अखेर जुलै २००८ मध्ये ती मोहीमच गुंडाळली गेली. पहारा होता तोवर मोठे युद्ध पेटले नाही, हे थोडे नव्हे. परंतु निवाडा धुडकावला जात असल्याचे सगळ्या जगाला कळत असताना जग स्वस्थ बसले, आणि शिक्षा पाहणाऱ्याला झाली.

आपल्या दाराशीही हेच आहे. काश्मीरच्या रेषेवर १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आहेत. १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचे प्रयोजन संपले, असे भारत मानतो व त्यांच्याकडे तक्रार नेत नाही, पाकिस्तान नेतो. प्रश्न दोघांनीच सोडवावा, या भूमिकेत तथ्य आहे. पण आपल्या धुऱ्यावर नको वाटणारा साक्षीदार दुसऱ्याच्या धुऱ्यावर आपणच होऊन जातो, याची संगती कशी लावावी, हे मला अजून उमगलेले नाही.