शिक्षा कोठे संपते?

न्यायाधीश जेव्हा शिक्षा सुनावतात तेव्हा तिची मुदतही सांगतात. ती मुदत भरली की तुरुंगाचा दरवाजा उघडतो आणि कैदी बाहेर पडतो. त्यानंतर जी दुसरी शिक्षा सुरू होते तिची मुदत मात्र कोणी सांगत नाही. खोली भाड्याने मिळत नाही, काम मिळत नाही, भावकीतील लग्नाचे निमंत्रण येत नाही. ही शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती आपणच देतो, आणि बहुधा आपण ती देत आहोत हेही आपल्या ध्यानी येत नाही. ती देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा राजा आणि मॉरिस फ्रीडमन यांच्यासारखा पोलंडहून आलेला ध्येयवेडा सल्लागार एकत्र आल्यामुळे ते घडले. कैद्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी, बायकामुलांना जवळ ठेवावे अशी ती योजना होती. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा त्याच परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, डोळे पुसले आणि घरी आलो. स्वतंत्रपूर मात्र आजही सांगली जिल्ह्यात आहे, हे कितीजणांस ठाऊक असेल?

हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविली ती राजस्थानने. डॉ. संपूर्णानंद उत्तर प्रदेशात असताना, १९५२ साली चकियाजवळ चंद्रप्रभा नदीच्या धरणावर कैद्यांची उघडी छावणी भरली होती. ते राजस्थानचे राज्यपाल असताना, १९६३ साली, जयपूरनजीक सांगानेर येथे खुले बंदी शिबिर निघाले व त्यास त्यांचेच नाव मिळाले. तेथे जाणारे बहुतेक कैदी खुनाबद्दल जन्मठेप भोगणारे असतात. शिक्षेचा मोठा भाग बंद तुरुंगात काढून, वर्तन चांगले ठेवल्यावरच त्यांना तेथे धाडतात. शिबिरात ते आपल्या कुटुंबासह राहतात. हजेरी द्यावयाची, दिवसा बाहेर जाऊन काम करावयाचे आणि ठरल्या वेळी परत यावयाचे. वीज-पाण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. कोणी मजुरी करतो, कोणी दुकान चालवितो, कोणी रखवालदारीही करतो! खुनाबद्दल शिक्षा झालेला मनुष्य दुसऱ्याच्या मालमत्तेची राखण करीत असतो आणि जयपूरचे व्यवहार सुरळीत चालू असतात.

या शिबिराची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. शिक्षा संपल्यावरही तेथून निघावयास काहीजण राजी नसतात. त्यांना जा म्हणून सांगावे लागते. मुले जवळच्या शाळेत रुळलेली असतात, बरे काम मिळालेले असते, शेजारी एकमेकांस विचारीत असतात. बाहेर यांपैकी काय मिळेल याची शाश्वती नसते. ज्या समाजाबाहेर तुरुंगच अधिक आपुलकीचा वाटतो, त्या समाजाने स्वतःस काय म्हणावे?

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ज्याचा खून झाला त्याच्या पत्नीचे काय? मारणारा बायकामुलांत बसून संध्याकाळची भाकरी खातो आणि तिच्या घरी ती जागा कायमची रिकामी. तिने क्षमा करावी असे म्हणणारे आम्ही कोण? दयाबुद्धीने लिहिणारे या ठिकाणी पुष्कळदा घाईने पुढे सरकतात. आम्हांस तसे करवत नाही. क्षमा ही तिची आहे. ती द्यावी किंवा न द्यावी. तिच्या वतीने ती वाटण्याचा अधिकार सरकारला नाही, शेजाऱ्यांना नाही आणि देवळात बसून लेख लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पीडितांच्या भरपाईसाठी राज्यांनी योजना कराव्यात असे ठरले. ती भरपाई तिच्या हाती पडते की नाही याची चौकशी मात्र आपण करू शकतो. तिच्या दुःखाची आठवण आपल्याला केवळ कैद्याला दार लावताना व्हावी, हे काही बरे नव्हे.

मग समाजाकडून नेमके काय मागावयाचे? येथे आपल्याच एका जुन्या ग्रंथकाराचा आधार आम्हांस मोलाचा वाटतो. चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. प्रायश्चित्ताच्या प्रकरणात तो म्हणतो की पापाला दोन शक्ती असतात. एक, मनुष्याला नरकात नेणारी; दुसरी, त्याचा इतरांशी व्यवहार अडविणारी. जाणूनबुजून केलेल्या पापाची पहिली शक्ती प्रायश्चित्ताने जाईलच असे नाही. परंतु दुसरी जाते, आणि तो मनुष्य 'व्यवहार्य' होतो. राजदंड भोगलेला मनुष्य निर्मळ होतो, असे तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही सांगितले आहे. याच ग्रंथांतील वर्णावर बेतलेले दंडाचे माप आपण टाकून दिले, ते योग्यच झाले. परंतु विज्ञानेश्वराचा हा भेद टाकून देण्याजोगा नाही. त्याने अंतःकरणाचा हिशेब वेगळा ठेवला आणि रोजच्या देण्याघेण्याचा वेगळा. सुटून आलेल्या माणसाचे मन शुद्ध झाले की नाही, हे आपणांस कधीच कळणार नाही. शेजारच्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या मनाचे तरी कोठे कळते? व्यवहारापुरते बोलावयाचे तर त्यास काम द्यावयाचे, कामाचा दाम द्यावयाचा, नावाने हाक मारावयाची. एवढ्यासाठी क्षमेची गरज नाही.

सावधपणा सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. सांगानेरातही हजेरी आहेच. परंतु सावधपणा आणि बहिष्कार यांतील अंतर आपण विसरतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या कारागृहांचे क्षेत्र कमी करू नये असे बजावले. तरी पुढे सांगानेरची काही जमीन रुग्णालयासाठी देण्याचा घाट घातला गेला. रुग्णालयही हवेच. पण जागा कमी पडली की पहिली नजर कोणाच्या जागेकडे वळते, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या हैदराबादेत चंचलगुडा तुरुंगाच्या पेट्रोल पंपावर कैदी काम करतात. आपल्यापैकी अनेकांनी तेथे गाडीत पेट्रोल भरून घेतले असेल. त्या हाताने नळी धरली, आपण पैसे दिले, त्याने मोड परत केली. कोणाचे काही बिघडले नाही. तोच मनुष्य सुटून वर्षभराने मंडपवाल्याबरोबर आपल्या उत्सवाच्या कामावर आला आणि कोणी त्याला ओळखले, तर आपण काय करू? कार्यकारिणीने याचा विचार आधीच करून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. दानपेटीची किल्ली त्याच्याकडे सोपवावी असे कोणी म्हणत नाही. खांब उभे करणे, पाणी भरणे, महाप्रसादाची भांडी उचलणे ही कामे आहेत. त्यांची ठरलेली मजुरी आहे. आणि मजूर जेवावयास बसतात तेव्हा त्याचे पान त्याच ओळीत मांडता येईल.