आदेश आणि आश्वासन

पोलिसांच्या कामाची पद्धतच बेकायदा असेल, तर ती बदलायला भाग पाडण्याचा अधिकार कोणाला असावा? अमेरिकेत हा प्रश्न विशेष अवघड आहे. तिथली सुमारे १८ हजार पोलीस दले बहुतांशी शहरांची, काउंटींची आणि राज्यांची आहेत. ती वॉशिंग्टनच्या हुकमतीत नाहीत.

हा अधिकार आधी नागरिकाने मागून पाहिला. लॉस एंजेलिसमध्ये १९७६ साली अडोल्फ लायन्स या तरुणाला गाडीचा मागचा दिवा बंद असल्यावरून पोलिसांनी अडवले आणि बेशुद्ध होईपर्यंत त्याचा गळा आवळला. ही पद्धतच थांबवावी, अशी त्याने न्यायालयात मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. पुन्हा त्याचाच गळा आवळला जाईल, हे तो दाखवू शकत नव्हता. भरपाई मागा, बदल मागू नका, असा त्याचा अर्थ.

१९९१ मध्ये त्याच शहरात रॉडनी किंगला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली. पुढच्या वर्षी आरोपी पोलीस सुटले आणि शहर पेटले. १९९४ च्या कायद्याने केंद्राच्या ॲटर्नी जनरलला अख्ख्या पोलीस दलावर दावा लावण्याची मुभा दिली. विचार इथे पालटला : चार वाईट शिपाई शोधण्याऐवजी त्यांना सांभाळून घेणारी व्यवस्था तपासायची. १९९७ मध्ये पिट्सबर्गपासून ‘कन्सेंट डिक्री’ सुरू झाल्या. शहर आणि केंद्र यांच्या तडजोडीवर न्यायालयाचा शिक्का, अंमलबजावणीवर स्वतंत्र निरीक्षक. काम रुक्ष : बळाच्या वापराच्या नोंदी, तक्रारींची चौकशी, प्रशिक्षण. आणि वेळखाऊ : लॉस एंजेलिसमध्ये ते २००१ पासून २०१३ पर्यंत चालले.

मात्र या कायद्याची चावी एकट्या ॲटर्नी जनरलच्या हाती होती. २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी अशा डिक्रींवर कडक अटी घातल्या. २०२१ मध्ये त्याच पदावरच्या मेरिक गार्लंड यांनी त्या काढल्या. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने मिनियापोलिस आणि लुईव्हिल इथले दावे सोडून देत असल्याचे जाहीर केले. तिथे जॉर्ज फ्लॉइड आणि ब्रिओना टेलर यांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर दीर्घ चौकशी होऊन दोन्ही शहरांशी तडजोडी झाल्या होत्या. त्यांवर न्यायाधीशाची मोहोर तेवढी उमटायची होती. बॉल्टिमोरची डिक्री मात्र टिकली. २०१७ मध्ये नव्या सरकारने मुदत मागितली असतानाही न्यायाधीशांनी तिला मंजुरी दिली होती.

आता भिस्त स्थानिकांवर आहे. लुईव्हिलच्या महापौरांनी स्वतःचा सुधारणा आराखडा मांडला आणि स्वतंत्र निरीक्षक नेमण्याची घोषणा केली. मिनियापोलिसमध्ये राज्याच्या मानवाधिकार विभागाशी झालेला करार २०२३ पासून न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे. हेतू दोघांचाही चांगला असू शकतो, पण महापौर बदलला की पहिल्याचे काय होईल, हे पुढच्या महापौराच्या मर्जीवर ठरेल. दुसऱ्यातून सुटायला शहराला न्यायाधीशासमोर उभे राहावे लागेल.

म्हणून सुधारणा दिल्लीतून वा वॉशिंग्टनमधून आली की गावातून, हा वाद दुय्यम वाटतो. जो सत्तेवर आहे त्याला ती एकट्याने मागे घेता येते का, हे आधी पाहावे.