आबांचं वचन

आसेगावात एका शेतकऱ्याच्या घरी दोन नियम होते. पहिला आबांचा: पोळ्याच्या दिवशी बैलांच्या अंगावर एकही गोचीड दिसता कामा नये. दुसरा सूनबाईचा: कुत्रं अंथरुणापाशी येता कामा नये. पहिला नियम वर्षातून एकदा पाळला जाई, दुसरा रोज, पण फक्त दिवसा. रात्री सगळे निजले की सहा वर्षांचा नातू मोत्याला हळूच आपल्या गोधडीत ओढून घेई. शेजारच्या खाटेवरून आबा ते पाहत आणि कूस बदलत.

एका सकाळी नातवाचं डोकं कुरवाळताना कानामागे आबांच्या बोटाला काहीतरी लागलं. रक्त पिऊन तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली गोचीड होती. पोराला पत्ताही नव्हता. गोचिडीच्या लाळेत वेदना दाबणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात, त्यामुळे ती दिवसचे दिवस चिकटून राहिली तरी माणसाला कळत नाही. आबांनी आयुष्यभर बैलांवर केलं तेच केलं. बिडीचा चटका दिला, गोचीड उपटली आणि दोन नखांमध्ये चिरडली. बोटं धोतराला पुसली.

"आबा, मायले सांगू नका ना. थे मोत्याले हाकलून देईन."

"नाई सांगत, बापू."

आबांनी शब्द दिला आणि तो पाळला.

आठवडा उलटला आणि पोराला ताप भरला. दुकानातली गोळी दिली की उतरे, रात्री पुन्हा चढे. कुणी व्हायरल म्हणालं, कुणी डेंग्यू. चौथ्या दिवशी अंगावर लाल ठिपके उठले, पावलं सुजली. शेजारणीला गोवर वाटला. तिनं उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायला सांगितलं. शेवटी आई-बाप पोराला घेऊन अकोल्याला निघाले. आबाही हट्टानं सोबत गेले.

डॉक्टरांनी पोराचे हात उलटे करून पाहिले, मग तळपाय. ठिपके तिथेही होते.

"घरात कुत्रा असतो का? या मुलाला गोचीड चावली होती का?"

"नाई साहेब," आई ठामपणे म्हणाली. "कुत्रं मी जवळच येऊ देत नाई."

ती खोटं बोलत नव्हती. तिला माहीत होतं तेवढंच ती सांगत होती. आबा मात्र खाली बघत उभे राहिले. बोललं तर नातवाला दिलेला शब्द मोडणार, मोत्या घराबाहेर जाणार, सून चारचौघांत बोलणार. मग त्यांची नजर पोराच्या सुजलेल्या पावलांवर गेली.

"चावली होती साहेब. म्याच काडली. कुत्रं रोज त्याच्याजवळच झोपते."

डॉक्टरांनी लगेच औषध लिहिलं. हा स्पॉटेड फीवर असावा, ते म्हणाले. रिकेट्सिया नावाच्या जंतूंमुळे येणारा हा ताप आपल्याकडे मुख्यतः कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून पसरतो. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी 2011 साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये हा ताप लवकर ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत मांडली होती. तळहात-तळपायांवरच्या ठिपक्यांना त्यात जेवढं वजन आहे, तेवढंच गोचीड चावल्याच्या हकिगतीला. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबणं धोक्याचं असतं. नेहमीची बरीचशी अँटिबायोटिक्स इथे चालत नाहीत, डॉक्सीसायक्लिन चालतं आणि ते स्वस्तही आहे. उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड, काहीही धोक्यात येऊ शकतं.

"नशीब की याला औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप पसरला, तोही गोचिडीमुळेच. त्याच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. आजोबा, तुम्ही आज बोललात ते बरं केलंत. गोचीड निघाली त्याच दिवशी बोलला असतात, तर ताप येताच याला इथे आणलं असतं."

दोन दिवसांत ताप उतरला. घरी परतल्यावर सूनबाईनं पहिली काठी उचलली ती मोत्यासाठी. पोरानं तोंड फिरवलं. तेवढ्यात बैल पाहायला आलेले पशुवैद्य म्हणाले, "वहिनी, कुत्रा गेला तरी गोचिडी घरातच राहतील. रक्त पिऊन झालं की मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. कुत्रा नसला तर त्यांतून निघालेली पिल्लं तुमच्या अंगावर चढतील."

काठी खाली आली. मोत्याला आणि बैलांना पशुवैद्यांनी सांगितलेल्या मापानंच औषध लावलं, त्याच दिवशी कोठा फवारला, भिंतीच्या फटी लिंपल्या. पिकावरचं कीटकनाशक जनावराच्या अंगावर मारायची गावातली खोड त्या घरानं सोडली. त्यानं गोचिडीबरोबर जनावरही दगावू शकतं. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी आबांना नवी रीत शिकवली. बिडी नको, रॉकेल नको, चुना नको. त्यानं गोचीड चिडते आणि पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक चिमट्यानं तिला कातडीलगत धरायचं, न पिळता सरळ वर ओढायचं, जागा साबणानं धुवायची आणि कॅलेंडरवर तारीख लिहायची. नखानं चिरडायची तर मुळीच नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ती तारीख आधी सांगायची.

मोत्याची झोपायची जागा आता अंगणात गोणपाटावर ठरली. वावरातून आल्यावर आंघोळीच्या वेळी सगळ्यांनी कानामागे, काखेत, जांघेत, केसांच्या मुळाशी बघायचं, हेही ठरलं. सगळ्यात अवघड नियम मात्र सूनबाईनं स्वतःवरच घातला.

"मामाजी, आता या घरात कोणी काई सांगतलं, तर मी आधी आयकून घेईन. रागावणं मागून."

सोयाबीन निघायच्या दिवसांत पोरगं एकदा मोत्याला कुशीत घेऊन झोपलं. सकाळी पोटावर बारीकशी गोचीड दिसली, तेव्हा ते आबांकडे गेलं नाही. सरळ आईकडे गेलं आणि सदरा वर केला.

आईचा आवाज चढला नाही. तिनं चिमटा घेतला, गोचीड काढली, तारीख लिहिली. मोत्यावरून जे बोलायचं ते जेवण झाल्यावर बोलली.

तात्पर्य: गोचीड चावल्याचं अंगाला कळत नाही, म्हणून ते तोंडानं सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्याला जिथे आधी बोलणी बसतात, तिथे दुखणं उशिरा कळतं.