चाळीस दीनार

पोखर्णीहून सकाळच्या गाडीने परभणीला जायचे, दिवसभर आवक-जावक क्रमांक टाकायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीच्या वाटेने परतायचे. असे पंधरा वर्षे करणाऱ्या कारकुनाला एके दिवशी वाटते की, आज परभणीला उतरूच नये. गाडी नेईल तिथे जावे. असे वाटणे गुन्हा आहे का? आपल्याकडे लगेच 'नाशुक्री' हा शब्द वापरला जातो. हजारो सुशिक्षित बेकार असताना पगाराच्या नोकरीला कंटाळतोस? पण भाकरी मिळाली म्हणजे रूह तृप्त झाली असे कुणी सांगितले आहे?

इब्ने बतूताला तर फार मोठी नोकरी होती. १३२५ साली, एकविसाव्या वर्षी तो तंजाहून हजला म्हणून निघाला. पुढे मुहंमद तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी केले. वर्षाला बारा हजार दीनार पगार. फारसी नीट येत नव्हती, म्हणून कामाला दोन नायब. (असा कंटाळा आमच्या कारकुनाच्या नशिबी कुठला!) तरी तो तिथे रमला नाही. सुलतानाची मर्जी फिरली तेव्हा सारे वाटून टाकून फकिरांत जाऊन बसला, आणि १३४२ च्या सुमारास चीनचा वकील म्हणून पुन्हा निघाला. वाटेत आपल्या दौलताबादलाही आला. तिथल्या गाणाऱ्यांच्या बाजाराचे, तरबाबादचे, त्याने मोठ्या आवडीने वर्णन केले आहे.

हे वाचताना आपल्यालाही पंख फुटतात. पण त्याच प्रवासवर्णनात आणखी एक हकीकत आहे. दमास्कसला त्याने एक गरोदर पत्नी मागे ठेवली होती. हिंदुस्थानात असताना मुलगा झाल्याचे कळले, तेव्हा त्याने मुलाच्या आजोबांना चाळीस दीनार पाठवले. १३४८ साली तो दमास्कसला परतला आणि मुलाची चौकशी केली. मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला होता. तिथेच त्याला हेही कळले की तंजात त्याचे वडील जाऊनही पंधरा वर्षे झाली.

बारा हजारांतले चाळीस. आखातात गेलेल्या आपल्या मुलांवर आपण अशी टीका करत नाही, करूही नये. ते घरासाठी जातात, आणि त्यांच्या पैशावर घर चालते. बतूता स्वतःसाठी गेला होता. फरक इथे आहे.

इमाम गजालींचे उदाहरण मला अधिक विचार करायला लावते. १०९५ साली त्यांनी बगदादच्या निजामिया मदरशाचे मानाचे पद सोडले. त्यांची तर वाचाच बंद झाली होती. नुसता कंटाळा नव्हता तो. त्यांनी माल वाटला, पण मुलाबाळांपुरता खर्च राखून. पुढे मुलांच्या ओढीने आपण घरी परतलो, हेही त्यांनीच लिहिले आहे. तरीही मला त्यांना पूर्ण निर्दोष म्हणवत नाही. खर्च राखला म्हणजे हक्क फिटला काय? बापाचा सहवासही मुलाचा हक्कच आहे, आणि 'हुकूकुल इबाद' ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात.

म्हणून कारकुनाने जावे की नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या मनाचा नाही. घरात आणखी एक माणूस आहे, जिला निवृत्ती नाही, रविवार नाही. कंटाळा तिलाही येतो. तिने गाडीत बसून निघून जायचे ठरवले तर मोहल्ला काय म्हणेल, हे सांगायला नको. तिच्यासाठी कुणी 'रूहची तृप्ती' हा शब्द काढणार नाही. पुरुषाच्या निघून जाण्याला आपण साहस म्हणतो, ते तिच्या न निघण्याच्या जोरावर.

बतूताने इतक्या काझींची, शेखांची, सुलतानांची नावे नोंदवली. दमास्कसच्या त्या पत्नीचे नाव मात्र त्याने दिलेले नाही. तिने तो मुलगा कसा वाढवला, कसा दफन केला, बाप कुठे आहे असे त्याने विचारल्यावर काय सांगितले, याबद्दल एक ओळही नाही.