चार चौकोनांपाशी

आज एकाच ओळीपाशी बसू. घाई नको. हातात पेन्सिल असेल तर ती खाली ठेवा.

सामान, जुन्या जखमेची खूण आणि आलं कोकणातलं बंदर (४)

पुन्हा एकदा वाचा, सावकाश. कंसातला चार म्हणजे उत्तराची चार अक्षरं. हा क्रिप्टिक शब्दकोड्यातला क्लू आहे. आपल्या रोजच्या शब्दकोड्यात अर्थ सरळ विचारतात. इथे तो सांगितलेला असतो आणि त्याच वाक्यात झाकलेलाही असतो.

डोळे मिटा. काय दिसतं? बोटीतून उतरणारा कुणी, काखेत वळकटी, कपाळावर जुनी खोक, समोर धक्का. वाक्य संपायच्या आत मनानं हे चित्र रंगवलं आणि त्यावर विश्वासही ठेवला. त्याबद्दल मनावर रागावू नका. अर्थ जुळवणं हा त्याचा स्वभावच आहे. पण या माणसाबद्दल कोडं काहीच विचारत नाही. त्याला जाऊ द्या. शब्द तेवढे राहू द्या.

आता ओळीची दोन टोकं पाहा. अशा क्लूमध्ये उत्तराचा सरळ अर्थ एका टोकाला असतो, सुरुवातीला किंवा शेवटी. उरलेल्या भागात ते उत्तर कसं घडलं याची कृती असते: कुठे तुकडे जोडलेले, कुठे शब्द उलटा फिरवलेला, कुठे एका शब्दाच्या पोटात दुसरा लपवलेला. शेवटचं टोक धरून पाहू. कोकणातलं बंदर. वेंगुर्लं? देवगड? रत्नागिरी? मालवण? नावं येतील तशी येऊ द्या. एकही घट्ट धरू नका.

मग दुसऱ्या टोकाकडे या. सामान म्हणजे माल. जखम भरून आल्यावर मागे राहते ती खूण, म्हणजे वण. माल आणि वण. मालवण.

उत्तर मिळालं. इथेच उठायचा मोह होतो. बसून राहा, कारण मननाचा खरा भाग आता सुरू होतो. पहिल्या शब्दापासून पुन्हा चला आणि प्रत्येकाला विचारा, तू इथे कशासाठी? स्वल्पविराम दोन तुकडे शेजारी ठेवतो. ‘जुन्या’ हा शब्द भरतीचा नाही. ताज्या जखमेला वण नसतो. ‘आणि आलं’ म्हणजे तुकडे जुळल्यावर हाती काय आलं ते. एकही शब्द रिकामा बसलेला नाही. एखादा जरी बसला असता, तरी आपलं उत्तर तोवर अंदाजच राहिलं असतं. उत्तर सुचणं आणि ते सिद्ध होणं यातलं अंतर या दुसऱ्या फेरीत कळतं.

ही शिस्त ब्रिटनमध्ये घडली. शब्दकोडं आर्थर विन यांनी १९१३ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आणलं, त्याला हे गूढ वळण पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये मिळालं. ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स ‘टॉर्केमाडा’ या नावानं कोडी रचत. त्यांच्यानंतर १९३९ मध्ये आलेले मॅकनट ‘झिमेनेस’ झाले, आणि १९७२ पासून लिहिणाऱ्या जोनाथन क्राउदर यांनी डेझा या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी मांडून ‘अझेड’ हे नाव घेतलं. तिन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची, छळासाठी ओळखल्या गेलेल्यांची. पण याच मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात सोडवणाऱ्याशी न्यायानं वागण्याचे नियम मांडले. त्याआधी, १९४९ मध्ये, ‘आफ्रिट’ नावानं लिहिणाऱ्या रिची यांनी या नियमांचं मूळ सांगून ठेवलं होतं. कोडं रचणाऱ्यानं वरवर काहीही सुचवावं, पण त्याला जे म्हणायचं आहे ते त्याच्या शब्दांत उतरलेलंच असलं पाहिजे.

या नियमावर थोडं थांबा. चकवायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही. म्हणून अडलेल्या क्लूपुढे शांत बसता येतं. जे हवं ते सगळं समोर आहे, काहीही काढून घेतलेलं नाही, ही खात्री रचणाऱ्यानं दिलेली असते. आपण फक्त शब्द वेगळ्या जागी तोडून वाचायचे असतात.

शेवटी एका माणसाचं स्मरण करू. जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक ‘अरॉकेरिया’ या नावानं ‘द गार्डियन’मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ कोडी रचत होते. जानेवारी २०१३ मधल्या एका कोड्याच्या माथ्यावर त्यांनी स्वतःविषयी छोटी टीप दिली. तिच्यात नेमक्या शब्दांऐवजी चौकोनांचे क्रमांक होते. वाचकांनी नेहमीसारखी उत्तरं भरली, तेव्हा कळलं की त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे आणि वेदना कमी करणारे उपचार चालू आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ९२ व्या वर्षी, ते गेले. ती बातमी प्रत्येक वाचकानं स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर करून लिहिली होती. इतक्या सावकाश लिहिलेलं वाक्य वरवर वाचलं जात नाही. ते आपलं होतं.

दिवसभर आपण माणसांची वाक्यंही पहिल्या चित्रावरच सोडून देतो. चौकोनांपाशी शिकलेली सवय तिथेही चालते: पहिला अर्थ बाजूला ठेवायचा, प्रत्येक शब्दाला विचारायचं, आणि मगच समजलं म्हणायचं.

आता एक ओळ तुमच्यासाठी. सार उलटलं, झालं कालवण (२). आज ती घरातल्या कुणाबरोबर तरी सोडवा, आणि नुसतं उत्तर सांगून थांबू नका. एकेक शब्द का आला ते समजावून सांगा.